सोलापुरात गाडी बदलताना मिळणारे चार-पाच तास : या चुका टाळा

मुंबई-पुण्याहून विजयपूर, कलबुर्गी किंवा हैदराबादकडे निघालेल्यांना आणि मराठवाड्यातून एसटीने येऊन पुढची रेल्वे धरणाऱ्यांना सोलापुरात बरेचदा चार-पाच तास मोकळे मिळतात. हे तास एकतर फलाटावर बसून जातात, नाहीतर तुळजापूर-अक्कलकोटच्या रस्त्यावर जीव मुठीत धरून केलेल्या धावपळीत जातात. देवदर्शनाला जाताना उतरायचे ठिकाण एवढीच सोलापूरची ओळख अनेकांच्या मनात असते. वास्तविक स्टेशनपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर तळे, मंदिर आणि भुईकोट किल्ला एकमेकांना लागून आहेत, बाजारपेठही तेथून जवळ आहे आणि एवढ्या वेळात हे सारे नीट पाहून होते. ते न होण्यामागे काही ठरावीक चुका असतात.

वेळापत्रकातील तास सगळेच आपले धरणे

पहिली गाडी सकाळी दहाला पोहोचणार आणि दुसरी दुपारी तीनला सुटणार, म्हणजे पाच तास हातात, हा हिशोब कागदावरच बरोबर असतो. गाडीला होणारा उशीर, सामान ठेवण्यासाठीची रांग, रिक्षा ठरवण्यात जाणारा वेळ आणि परतल्यावर पुढच्या गाडीआधी किमान पाऊण तास हाताशी ठेवण्याची गरज वजा केली, तर त्या पाच तासांपैकी तीन, फार तर साडेतीन तासच खरे वापरता येतात. दोन तासांहून कमी वेळ उरत असेल तर स्टेशनबाहेर लांब जाण्याचा विचार सोडून द्यावा. मध्यरात्री किंवा पहाटे उतरणाऱ्यांनीही उजाडेपर्यंत प्रतीक्षालयातच थांबावे, कारण त्या वेळी मंदिर, किल्ला आणि दुकाने यांपैकी काहीच उघडे नसते.

‘तुळजापूर जवळच तर आहे’

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि ती श्रद्धेपोटी होत असल्यामुळे तिच्याविषयी सहसा कोणी स्पष्ट बोलत नाही. तुळजापूर सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटर आहे आणि अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर. अंतर पाहिले तर तासाभराचा रस्ता वाटतो. परंतु एसटी स्टँड रेल्वे स्टेशनला लागून नाही, तेथपर्यंत रिक्षाने जावे लागते, मग बस सुटण्याची वाट पाहावी लागते, आणि पोहोचल्यावर दर्शनाची रांग किती लांब असेल हे आपल्या हातात नसते. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला, तर अक्कलकोटला गुरुवारी गर्दी वाढते. नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांची एवढी दाटी असते की वाहनांची वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवली जाते, आणि त्या दिवसांत परतीच्या प्रवासाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधणे व्यर्थ ठरते.

रेल्वेने अक्कलकोटला जाऊन येण्याचा बेतही फसवा आहे. ‘अक्कलकोट रोड’ हे स्टेशन गावापासून बरेच लांब असून तेथून पुन्हा वाहन शोधावे लागते. पंढरपूर सत्तर किलोमीटरहून अधिक दूर असल्यामुळे त्याचा विचारच नको. घड्याळाकडे पाहत रांगेत उभे राहून घेतलेल्या दर्शनात मन लागत नाही, म्हणून त्यासाठी एक पूर्ण दिवस वेगळा काढावा, असे मला मनापासून वाटते. आई-वडील सोबत असतील आणि त्यांचा आग्रहच असेल, तर पुढची गाडी दुसऱ्या दिवशीची घ्यावी आणि सोलापुरात मुक्काम करावा.

शहरात सगळीकडे थोडे-थोडे फिरणे

शहरात थांबायचे ठरवल्यावरही लोक चार दिशांना चार ठिकाणे निवडतात आणि सारा वेळ रिक्षात घालवतात. त्यापेक्षा एकच परिसर धरावा. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे मंदिर तळ्याच्या मधोमध आहे, तेथेच त्यांची समाधीही आहे. सोलापूरचे हे ग्रामदैवत असल्याने सकाळच्या वेळी येथे येणारी माणसे मुख्यतः शहरातलीच असतात. कानावर मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच वेळी पडते आणि सोलापूर कसे घडले आहे हे तेवढ्यावरून कळते. तळ्याच्या काठाला लागूनच बहामनी काळातील भुईकोट किल्ला आहे. त्याची दुहेरी तटबंदी आणि बुरूज पाहायला तास-दीड तास पुरतो. किल्ला संध्याकाळी लवकर बंद होतो, त्यामुळे दुपारनंतर उतरलेल्यांनी आधी किल्ला आणि मग मंदिर असा क्रम ठेवावा.

एप्रिल-मे महिन्यांत हा क्रम बदलावा लागतो. त्या दिवसांत सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि किल्ल्यात सावली बेताचीच असते. दुपारी बारा ते चार या वेळेत तटावर चढण्यापेक्षा बाजारात किंवा एखाद्या खानावळीत थांबणे शहाणपणाचे ठरते. दुसरी अडचण जानेवारीतली. १२ ते १६ जानेवारीच्या दरम्यान सिद्धेश्वरांची, म्हणजे याच सिद्धरामेश्वरांची, गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुका निघतात आणि मंदिराजवळच्या होम मैदानाच्या आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात. यात्रा पाहण्यासारखी आहेच. पण त्या दिवसांत परतीसाठी नेहमीच्या दुप्पट वेळ धरावा आणि रिक्षा गर्दीच्या बाहेर येऊन पकडावी.

वेळ उरलाच तर पार्क चौकाच्या परिसरातील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जरूर थांबावे. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला होता आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसने नेहमी प्रवास करणाऱ्यांनाही ते नाव कोणाच्या स्मरणार्थ आहे हे पुष्कळदा ठाऊक नसते.

खरेदी आधी, फिरणे नंतर

चादर घेतल्याशिवाय सोलापूर सोडायचे नाही, हे योग्यच आहे. मात्र ती शेवटी घ्यावी. सुती जेकार्ड चादर वजनाला जड असते आणि दोन चादरी हातात घेऊन किल्ला चढता येत नाही. खरी सोलापुरी चादर ओळखण्यासाठी दुकानात ती पूर्ण उलगडायला सांगावी आणि उलटी करून पाहावी. नक्षी विणलेली असल्यामुळे ती दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. सुलट बाजूला निळ्या जमिनीवर पांढरे फूल असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर निळे. मागची बाजू फिकट किंवा कोरी दिसली तर ती छापील चादर आहे, मग विक्रेता काहीही म्हणो. या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावाने दुसराच माल विकला जातो, म्हणून स्टेशनच्या दारात घाईने घेण्याऐवजी शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या वस्तीत किंवा बाजारपेठेतील दुकानात जावे.

शेंगदाण्याची चटणी घेतानाही थोडी काळजी हवी. उखळात कुटून तेल सुटलेली चटणी साध्या पिशवीतून झिरपते आणि बॅगेतील कपडे खराब होतात. ती दुहेरी पिशवीत बांधून घ्यावी, शक्यतो डब्यातच भरावी. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी बरेच दिवस टिकते, पण सामानाखाली तिचा चुरा होतो, तेव्हा ती वरच्या बाजूला ठेवावी. पुढचा प्रवास रात्रभराचा असेल तर झणझणीत जेवणावर ताव मारण्याचा मोह आवरावा.

सामान आणि पुढची गाडी

सामान घेऊन फिरणे टाळायचे असेल तर स्टेशनवरील अमानत घराचा (क्लोकरूमचा) उपयोग होतो. मात्र तेथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, हे ऐनवेळी कळून अनेकांचा अर्धा तास कुलूप शोधण्यात जातो. प्रवासाचे तिकीट आणि ओळखपत्र जवळ ठेवावे, मौल्यवान वस्तू आत ठेवू नयेत.

एकाच तिकिटावर मध्ये उतरून पुढे जाता येईल, हा गैरसमजही पसरलेला आहे. अशी मध्ये उतरण्याची, म्हणजे प्रवासखंडाची (ब्रेक जर्नी) सवलत ५०० किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर आणि पहिले ५०० किलोमीटर पूर्ण झाल्यावरच मिळते. मुंबई-सोलापूर अंतर ४५५ किलोमीटर असल्याने मुंबईहून येणाऱ्यांना ती येथे लागू होत नाही, त्यांनी दोन स्वतंत्र तिकिटेच काढावीत. अशी दोन तिकिटे काढली की त्यांचे पीएनआर (तिकिटावरील आरक्षण क्रमांक) एकमेकांना जोडून घ्यावेत. एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. प्रवाशांचा तपशील दोन्ही तिकिटांवर तंतोतंत सारखा असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे रद्दीकरण शुल्क न कापता परत मिळते. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत अर्ज करावा लागतो. आपण बाजारात रमलो म्हणून गाडी चुकली, तर ही सोय उपयोगी पडत नाही.

पुढचा प्रवास खासगी बसने असेल तर गाडीत नेमके कोठून चढायचे हे आधीच फोन करून विचारावे. काही बस पुणे नाक्यावरून, काही सात रस्त्यावरून, तर काही शहरात न येता बाहेरच्या रस्त्यावरूनच निघून जातात, आणि ‘सोलापूर’ एवढेच तिकिटावर छापलेले असते. पुण्याकडची रेल्वे चुकलीच तर पुढच्या गाडीची वाट पाहत बसण्याआधी एसटी स्टँडवर चौकशी करावी. त्या मार्गावर बस वरचेवर सुटतात.