जमिनीवरच्या छोट्या पाली ओळखायच्या कशा : आधी पाय बघा, रंग शेवटी

वरून काढलेला एक फोटो बघायचा आणि ठिपक्यांवरून जात सांगून मोकळे व्हायचे, ही पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे. ती सोडा. रंग हा पालीचा सर्वांत कच्चा पुरावा. एकच पाल दिवसा दगडाखाली गडद दिसते आणि रात्री बॅटरीच्या झोतात फिकट. पिल्लाची ठसठशीत नक्षी मोठेपणी पुसट होते. शेपूट एकदा तुटून परत आली, तर तिच्यावर मूळची नक्षीही नसते आणि मूळचे खवलेही नसतात. तरीही लोक शेपटीचे पट्टे मोजत बसतात.

मी ज्या क्रमाने पाल बघते तो असा: डोळा, पाय, पाठ, जागा, आणि सगळ्यांत शेवटी रंग. हा क्रम मी महाराष्ट्र आणि गोव्यातल्या पालींसाठी वापरते. इतरत्र तो तसाच लागू पडेल असे नाही.

शोधाशोध

पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पाऊस ओसरल्यावर रात्री फिरा, किंवा सकाळी सपाट दगड उचलून बघा. दगड नेहमी स्वतःकडे उचलायचा, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, त्याखाली फुरसे असू शकते. दगड होता तसाच, त्याच खाचेत परत ठेवा. तिरका ठेवलेला दगड खालचा ओलावा घालवतो आणि ती जागा पालीच्या कामाची राहत नाही. खाली पांढरी अंडी दिसली तर काहीही न हलवता दगड परत ठेवा आणि पुढे जा.

डोळा

पापण्या आहेत आणि त्या मिटतात? मग ती बिबट्या पाल, म्हणजे युब्लेफॅरिस. आपल्या भागात बहुतेक ठिकाणी जात युब्लेफॅरिस फस्कस. पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. बाकीच्या पालींना पापण्या मिटता येत नाहीत, त्या जिभेने डोळा पुसतात. गावोगावी बिबट्या पालीला विषारी समजून मारतात. भारतातली एकही पाल विषारी नाही. कुणी मारायला दगड उचलला तर मध्ये पडा.

पापण्या नाहीत आणि बाहुली गोल आहे, पाल दिवसाढवळ्या हिंडते आहे, तर ती निमास्पिस गटातली. बाहुली उभ्या फटीसारखी असेल तर पाय बघायचे. एक सूचना मात्र पाळा: अंधारात फटीसारखी बाहुलीही इतकी पसरते की गोल वाटते. डोळ्याचा फोटो उजेड पडून दोन-चार क्षण झाल्यावर काढा.

पाय : खरे काम इथे आहे

मला सर्वांत जास्त वेळ हीच पायरी जमायला लागला, आणि बहुतेक मार्गदर्शिका ती एका ओळीत उरकतात. ‘बोटांखालच्या पट्ट्या पाहाव्यात’, एवढेच. कशा पाहाव्यात? पाल बोटभर, तिचे पाऊल तांदळाच्या दाण्याएवढे, आणि ती एक क्षण थांबत नाही.

आधी काय बघायचे ते. हेमिडॅक्टिलस गटातल्या पालींच्या, म्हणजे घरातली पाल ज्या गटात येते त्यांच्या, बोटांखाली रुंद गादी असते. गादीवरच्या पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या असतात, आणि नखाचे शेवटचे पेर त्या गादीतून वर उठून बाहेर येते. जमिनीवर राहणाऱ्या हेमिडॅक्टिलसमध्ये ही गादी अरुंद होते. वरून बघणारा ‘गादीच नाही’ असे ठरवून टाकतो आणि पाल चुकीच्या गटात जाते. खालून बघितले की दुभंगलेल्या पट्ट्या दिसतात आणि प्रश्न संपतो.

सिर्टोडॅक्टिलस या दुसऱ्या गटातल्या पालींची बोटे बारीक आणि सांध्यात वाकलेली असतात. त्यांना गादी नसते आणि खालच्या पट्ट्या दुभंगत नाहीत. आपल्याकडच्या सिर्टोडॅक्टिलस गेकोएला या उपगटात मोडतात. त्या काचेवर चढू शकत नाहीत. नरांच्या मांडीवर किंवा अवस्कराच्या (शेपटीच्या बुडाशी असलेल्या छिद्राच्या) पुढे रंध्रेही नसतात. हेमिडॅक्टिलसच्या नरांमध्ये ही रंध्रे असतात, मेणासारख्या पिवळसर ठिपक्यांची रांग असावी तशी दिसतात. रंध्रे नसली म्हणून लगेच गेकोएला ठरवू नका, ती मादी असू शकते. निर्णय बोटांवरूनच घ्यायचा.

आता कसे बघायचे. पाल हातात धरू नका. दोन बोटांत धरलेली पाल शेपूट टाकते, आणि शेपटीत साठवलेली चरबी तिच्या पुढच्या अडचणीच्या दिवसांची शिदोरी असते. ओरखडे नसलेला, सपाट तळाचा पारदर्शक डबा घ्या. पाल स्वतःहून आत चालत जाईल असा तो तिच्यासमोर आडवा धरा, मागून पानाने हलकेच डिवचा. डबा उचला, खालून फोटो घ्या. तळाला पाऊल टेकलेले असते तेव्हा बोटे पसरतात आणि पट्ट्या उघड्या पडतात. काम एक-दोन मिनिटांत संपले पाहिजे. डबा उन्हात ठेवायचा नाही, क्षणभरही नाही. जिथे सापडली त्याच दगडाशेजारी तिला सोडा. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय डबासुद्धा वापरू नका. तिथे दुरून जे दिसेल तेवढेच.

उजेड बाजूने द्या. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून मारला की काचेवर झगमगाट होतो आणि पट्ट्यांमधल्या रेषा नाहीशा होतात. छोटी बॅटरी डब्याच्या तळाशी जवळजवळ आडवी धरली की प्रत्येक पट्टीच्या कडेला सावली पडते. तीच सावली मोजायची.

मोजायचे कोणते बोट? मागच्या पायाचे चौथे, म्हणजे सर्वांत लांब. बुडाकडच्या पट्ट्या अनेकदा अखंड असतात आणि पुढच्या दुभंगलेल्या. दोन्ही आकडे वेगळे लिहा. दोन्ही पाय मोजा, कारण डाव्या-उजव्यात एखाद्या पट्टीचा फरक नेहमीचा आहे. आणि कृपा करून ‘साधारण आठ’ असे लिहू नका. धूसर फोटोवरून पट्ट्या मोजणारे लोक मनातल्या जातीला जुळेल तो आकडा मोजतात. पट्ट्या स्पष्ट नसतील तर आकडा लिहायचाच नाही, जागा रिकामी ठेवायची.

पाठ

पुन्हा तिरका उजेड. पाठीवर फक्त बारीक दाणेदार खवले आहेत, की त्यात मोठ्या टोकदार गाठींच्या रांगा आहेत? रांगा असतील तर किती? हेमिडॅक्टिलस ट्रायएड्रसला मोठ्या तिकोनी गाठींच्या रांगा असतात. ती वारुळात आणि दगडांच्या फटीत राहते. 2018 मध्ये या संकुलातून, म्हणजे एकाच नावाखाली धरलेल्या जवळच्या जातींच्या घोळक्यातून, हेमिडॅक्टिलस सहगली आणि हेमिडॅक्टिलस व्हिटेकरी या दोन जाती वेगळ्या काढल्या गेल्या. म्हणून जुन्या यादीत ‘ट्रायएड्रस’ दिसले की ते नाव तसेच उतरवू नका.

जागा

जागेला पुराव्याइतके वजन आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅशिएटसचे वर्णन 1963 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले इथल्या नमुन्यांवरून झाले. ही कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांची पाल, सुट्या दगडांखाली राहणारी. हेमिडॅक्टिलस साताराएन्सिसचे वर्णन 2008 मध्ये साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरून झाले, जिथे आज पवनचक्क्या आहेत. दोन्ही एकमेकींच्या नात्यातल्या, दोन्ही पठारांवरच्या. तरी एक कोकणातल्या कातळाची आणि दुसरी घाटमाथ्याची. दख्खनच्या कोरड्या भागात, मुरमाड जमिनीवर, सडपातळ पाल दिसली तर हेमिडॅक्टिलस ग्रॅसिलिस तपासा. तिचे क्षेत्र बरेच मोठे आहे.

गेकोएला बहुतेक पाचोळ्यात आणि दगडांखाली असतात. तांबूस तपकिरी अंगावर फिकट आडवे पट्टे आणि पट्ट्यांना काळी किनार असेल, आणि तुम्ही उत्तर सह्याद्रीत असाल, तर सिर्टोडॅक्टिलस डेक्कनेन्सिस. तिचे वर्णन 1864 इतके जुने. गोवा आणि कर्नाटकाकडे तशीच पट्टेवाली दिसली तर सिर्टोडॅक्टिलस अल्बोफॅशिएटसचा विचार करा. जातीचे नाव सड्यावरच्या पालीसारखेच आहे, म्हणून नोंदीत गटाचे नाव पूर्ण लिहा. पट्ट्यांऐवजी गडद डागांच्या जोड्या असतील तर कोलेगालेन्सिस संकुल. त्यातली सिर्टोडॅक्टिलस वरदगिरी 2016 मध्ये वेगळी काढली गेली, आणि फोटोवरून या संकुलात मी जात सांगत नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला पुरावा विचारा.

निमास्पिसबद्दल एवढेच: यातल्या अनेक जातींचे क्षेत्र एखाद्या पठारापुरते किंवा घाटापुरते असते. कासची निमास्पिस गिरी, आंबोलीची निमास्पिस फ्लॅव्हिव्हेन्ट्रॅलिस, म्हणजे पिवळ्या पोटाच्या नराची. त्यामुळे ठिकाण न लिहिलेला निमास्पिसचा फोटो कुणाच्याच उपयोगाचा नाही.

नोंद

‘ब्रुकी’, म्हणजे हेमिडॅक्टिलस ब्रुकी, लिहिणे बंद करा. या नावाखाली भारतात कित्येक जाती कोंबलेल्या होत्या, 2016 मध्ये जनुकीय आणि शारीरिक अभ्यासाने ते नीट मांडले गेले. तरी जमिनीवर दिसलेली प्रत्येक ठिपकेवाली पाल अजून त्याच नावाने नोंदवली जाते. याचे नुकसान फार खरे आहे. सड्यावर चिऱ्याची खाण किंवा आंब्याची नवी बाग येणार असते तेव्हा तिथे कोणते प्राणी आहेत याची यादी बघितली जाते. त्या यादीत फक्त कोकणातल्या सड्यांवर सापडणाऱ्या पालीच्या जागी ‘सामान्य घरपाल’ असे लिहिलेले असेल, तर त्या जागेच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही.

म्हणून नोंदीत हे सगळे हवे: तारीख, वेळ, गाव आणि अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, दगड की पाचोळा की वारूळ, बाहुली गोल की उभी, पट्ट्या दुभंगलेल्या की अखंड आणि दोन्ही पायांवरचे आकडे, पाठीवर गाठी आहेत का, शेपूट मूळची की परत आलेली, नर असल्यास रंध्रांचा फोटो. वरून, बाजूने आणि खालून असे तीन फोटो. नावाच्या रकान्यात जेवढे सिद्ध झाले तेवढेच. ‘हेमिडॅक्टिलस, जात अनिश्चित’ ही पूर्ण आणि सन्मानाची नोंद आहे. खालच्या बाजूचा फोटो सोबत असेल, तर पुढे कुणी अभ्यासक त्यावर जातीचे नाव लिहू शकेल.