नेपाळला निघायच्या आधी: गावच्या मंडळींसाठी तयारीची यादी

तूर-हरभरा घरात आला अन् कापसाचा शेवटचा वेचा झाला की मार्चमध्ये निघावं. तिकडची कडक थंडी तोवर सरलेली असते. कागदपत्रं मात्र दिवाळीनंतर लगेच काढून बघा. व्हिसा लागत नाही म्हणून लोक आधार खिशात घालून बिनधास्त निघतात. पण १८ ते ६५ वयाच्या माणसाकडं पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार कार्डच सोबत हवं. त्यावर नाव चुकलं असेल तर तहसिलीच्या चकरा आताच मारा.

पैशांचं म्हणाल तर १०० च्या नोटा भरपूर घ्या. आपले १०० म्हणजे तिकडचे १६०. दुकानदारानं भाव सांगितला की आधी विचारायचं, ‘आयसी की एनसी?’ म्हणजे भारतीय की नेपाळी. बाया बांगड्या घ्यायला बसल्या की हे हमखास विसरतात.

नागपूरहून गोरखपूरला थेट गाडी आहे. तिथून सोनौलीची सीमा साधारण १०० किलोमीटर. भाड्याची गाडी घेऊन जाणार असाल तर सीमेवर भंसार, म्हणजे जकातीचा कागद करावा लागतो. गाडीची मूळ कागदपत्रं जवळ ठेवा.

आता खरी मेख. एकाच गाडीत दीक्षाभूमीला दरवर्षी जाणारी मंडळी असतात, पशुपतिनाथाची आस लागलेले म्हातारे असतात आणि पोखऱ्याच्या तळ्यावर फोटो काढायला आलेली पोट्टीही. क्रम घरीच ठरवा, गाडीत भांडू नका. सीमेपासून लुंबिनी जवळ, म्हणून ती आधी. तिथल्या अशोकस्तंभावर लिहिलंय की बुद्धाचा जन्म इथं झाला म्हणून राजानं गावाचा ‘बली’ नावाचा कर माफ केला आणि पिकाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचं ठरवलं. शेतसारा भरलेल्या माणसानं त्या ओळींपुढं जरा थांबावंच. मायादेवी मंदिर शेजारीच आहे. पशुपतिनाथाच्या आत चामडं चालत नाही. पट्टा, पाकीट कापडी घ्या. काठमांडूतच बौद्धनाथ आणि स्वयंभू हे स्तूप आहेत, ते सगळ्यांनीच बघावेत.

मुक्तिनाथ हिंदू-बौद्ध दोघांचंही, पण उंची ३,७०० मीटरच्या वर. पोखऱ्याहून एका दमात चढू नका, जोमसोमला रात्र काढा. दम्याच्या, बीपीच्या माणसानं डॉक्टरला विचारल्याशिवाय नाव नोंदवू नये, मग घरचे कितीही आग्रह करोत. तिथल्या १०८ धारांचं पाणी हाडं गोठवतं. नुसतं डोक्यावर शिंपडलं तरी चालतं, देव रागवत नाही. मफलर, स्वेटर, कानटोपी वरच्याच पिशवीत असू द्या.

जेवायला सगळीकडं डाळ-भात. झाडीपट्टीवाले खुश होतील, वऱ्हाडातल्यांना तिसऱ्या दिवशी भाकरीची आठवण येईल. दशम्या एक-दोन दिवसच पुरतात, म्हणून जवसाची चटणी आणि तिखट जास्त बांधा. घड्याळ सीमेवरच १५ मिनिटं पुढं करून घ्या, नाहीतर पहिलीच बस सुटेल.