घरातल्या घरात मुलांचे फोटो काढताय? या चुका टाळा

घरात लहान मूल आलं की फोन फोटोंनी भरून जातो. पण निवांत बसून ते फोटो बघायला घेतले की जाणवतं, निम्म्या फोटोंत मूल हललंय आणि उरलेल्यांत ते कॅमेऱ्याकडे बघून ठरलेलं हसू हसतंय. ते घरात वावरायचं कसं, रुसायचं कसं, एखाद्या गोष्टीत रमायचं कसं, हे त्यात कुठेच सापडत नाही.

याचं मूळ बहुतेक वेळा "इकडे बघ, हस!" या हाकेत असतं. माझी मुलगी दोन वर्षांची असताना एकदा दाराशी बसून स्वतःच मोजे घालत होती. दोन्ही मोजे एकाच पायात, टाचेचा भाग वर आलेला, जीभ दातांत धरलेली. मी हाक मारली. तिने वर पाहिलं, जीभ आत गेली, मोजा हातातून सुटला. फोटो आला तो नुसत्या चेहऱ्याचा. तेव्हापासून मी हाक मारणं बंद केलं. मूल कशात तरी गुंतलं की शांतपणे जवळ जाऊन बसायचं आणि वाट बघायची. सुरुवातीला ते दोन-चारदा तुमच्याकडे बघेल, मग पुन्हा आपल्या उद्योगाला लागेल. खरे फोटो तिथून पुढे मिळतात.

फोटो हललेले का येतात?

घरातला उजेड आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटतो, कॅमेऱ्याला तो फार कमी असतो. ऑटो मोडवर कॅमेरा शटर (उजेड आत घेणारा पडदा) सावकाश करतो आणि तेवढ्यात मुलाचा हात कुठल्या कुठे गेलेला असतो. कॅमेरा असेल तर शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, निदान 1/250 सेकंद ठेवा, पळापळ किंवा उड्या चालल्या असतील तर 1/500. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 1600 किंवा 3200 पर्यंत न्यावा लागला तरी बिनधास्त न्या. फोटो थोडा दाणेदार झाला तर काही बिघडत नाही, पण हललेला चेहरा नंतर नीट करता येत नाही.

फोनवर आणखी एक अडचण असते. अंधार वाटला की नाइट मोड आपोआप सुरू होतो आणि तो एकापाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांचा एक फोटो करतो. स्थिर वस्तूंसाठी हे उत्तम, पण रांगणाऱ्या बाळाचं त्यात भूत होतं. तो बंद करा आणि बर्स्टवर, म्हणजे एका दमात सलग, पाच-सात फोटो घ्या.

तरीही खरा इलाज खिडकीच. खिडकीपासून दोन पावलं आत सरकलं तरी उजेड झपाट्याने उतरतो. म्हणून मुलाला उचलून खिडकीत नेऊन बसवू नका, त्याची खेळणी आधीच तिथे मांडून ठेवा. मूल आपल्या पायांनी उजेडात येतं. खिडकी त्याच्या एका बाजूला राहील असे तुम्ही बसा. ती त्याच्या पाठीमागे आली तर चेहरा काळवंडतो.

दिवसा खोलीतले दिवे मात्र बंद ठेवा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; पिवळा बल्ब साधारण 2700 ते 3000 केल्विनचा असतो आणि दिवसाचा उजेड 5500च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो, आणि कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सावरता येत नाहीत. रात्री दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर ते दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे. कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक (आवाज न करणारा) शटर बंद करून बघा. वीज 50 हर्ट्झची असेल तर शटर 1/100 वर आणा, 60 हर्ट्झची असेल तर 1/120 वर.

सगळेच फोटो धुरकट येत असतील तर सेटिंग बदलण्याआधी लेन्स बघा. त्यावर बहुतेक चिमुकल्या बोटांचे ठसे असतात.

उभ्याने आणि फार जवळून

उभ्याने काढलेल्या फोटोत मुलाचं डोकं मोठं आणि पाय चिमुकले दिसतात. खाली बसा, प्रसंगी पोटावर झोपा. पण जमिनीवर बसलात म्हणून फोन तोंडापाशी नेऊ नका. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, त्यामुळे अगदी जवळून नाक फुगतं आणि कान मागे जातात. थोडं मागे सरकून 2एक्सवर (दुप्पट झूमवर) घ्या.

कॅमेऱ्यावर लेन्सचं छिद्र एफ/1.8 इतकं मोठं ठेवून भावंडांचा फोटो काढला तर एकच चेहरा स्पष्ट येतो. दोघं असतील तर एफ/4, म्हणजे लहान छिद्र, बरं.

फोटोसाठी घर आवरायला घेऊ नका. पसरलेले ठोकळे, भिंतीवरच्या रेघोट्या हाच तर तुमचा आजचा दिवस आहे. एखादी भडक बादली नजरेत खुपत असेल तर आपणच एक पाऊल बाजूला व्हावं.

आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो घरच्या अल्बमपुरतेच ठेवा. बाहेर पाठवायच्या फोटोंतली ठिकाणाची नोंद काढून टाका. मेसेजमधून पाठवलेला फोटो बहुधा आकसतो, म्हणून मूळ फाइल वेगळ्या जागी जपून ठेवा.

आणि एक चूक फार उशिरा लक्षात येते. रोज फोटो काढणारी आई किंवा बाबा स्वतः कुठेच नसतात. केस विस्कटलेले असोत, घरचे कपडे असोत, फोन दुसऱ्याच्या हातात द्या. दुसरं कुणी नसेल तर तो फडताळावर टेकवा, 10 सेकंदांचा टायमर लावा आणि पुन्हा मुलाच्या बुटाची नाडी बांधायला बसा.