कॅराबिनरवरचे २२ केएन म्हणजे किती किलो?

सुळके चढायला शिकणारा जवळपास प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि विचारायलाच हवा. कॅराबिनर (दोर अडकवायची, उघडझाप होणारी धातूची कडी) हातात घेऊन त्याच्या कण्याकडे, म्हणजे न उघडणाऱ्या लांब बाजूकडे, नीट बघा. उभ्या बाणाजवळ २२ केएन, आडव्या बाणाजवळ ७ केएन असे काहीतरी कोरलेले असते. लांबीच्या आणि आडव्या दिशेने ओढल्यावर तो किती बल सहन करतो, ते हे आकडे सांगतात. केएन म्हणजे किलोन्यूटन, बलाचे एकक. आपण वजन सांगतो किलोत, आणि किलो हे वस्तुमानाचे एकक. मग या दोहोंची सांगड कशी घालायची?

आधी किलोन्यूटनला १००० ने गुणा: २२,००० न्यूटन. मग ९.८ ने भागा, कारण पृथ्वी एक किलोच्या वस्तूला साधारण ९.८ न्यूटन बलाने ओढते. (१९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने यासाठी ९.८०६६५ हा प्रमाण आकडा ठरवला.) उत्तर येते २,२४५ किलोच्या आसपास. आडवे ७ केएन म्हणजे सुमारे ७१४ किलो. कड्यावर तोंडी हिशेब करताना ९.८ ऐवजी १० धरा. क्षमता थोडी कमीच दिसते, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला राहते.

किलोवरून न्यूटनकडे जाताना उलटे करा: ८० किलोचा माणूस स्वस्थ लटकला, तर ८० × ९.८ = ७८४ न्यूटन, म्हणजे एक किलोन्यूटनही नाही. जुन्या साहित्यावर पौंड लिहिलेले असतील, तर ४.४५ ने गुणा, न्यूटन मिळतील. ५,००० पौंड म्हणजे सुमारे २२ केएन.

इथवर आले की मन निर्धास्त होते, आणि मला काळजी वाटते ती इथेच. २,२४५ किलो हा आकडा स्थिर लटकणाऱ्या ओझ्याचा आहे. माणूस पडतो तेव्हा बल ठरते ते तो किती अंतरात थांबतो त्यावर. तोच ८० किलोचा माणूस एक मीटर पडला आणि न ताणणाऱ्या स्लिंगने (स्वतःला अडकवायच्या पट्टीच्या फासाने) त्याला १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर एकूण घसरण १.१ मीटर. १.१ भागिले ०.१ म्हणजे ११. वजनाच्या ११ पट, सरासरी ८.६ केएन! क्षणिक झटका त्याहूनही मोठा. कॅराबिनर आडवा फिरला असेल, तर ७ केएनची मर्यादा केव्हाच ओलांडली.

म्हणून अँकरला (खडकातल्या पक्क्या आधाराला) फक्त स्लिंगने अडकलेले असाल, तर अँकरच्या वर चढू नका, आणि स्लिंग सैल पडू देऊ नका.