बर्फातून मुलांना घेऊन पायी निघताय? या चुका टाळा

दरवर्षी ऑक्टोबर संपता संपता आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एखादं नवं मराठी कुटुंब भेटतं. उन्हाळ्यात पुण्याहून नाहीतर नाशिकहून आलेलं, टोरोंटोचा हिवाळा अजून न पाहिलेलं. पहिला प्रश्न ठरलेला: "जॅकेट कुठलं घेऊ?" मी म्हणतो, कुठलंही घ्या. त्यांना वाटतं माणूस तुसडा आहे. थोडा आहेही. गाडीशिवाय आठ हिवाळे काढलेत, दोन पोरांना डेकेअरला आणि शाळेत पायी सोडत. तेच ते घोळ इतक्यांदा पाहिलेत (आणि त्यातले बहुतेक आधी स्वतः केलेत) की जॅकेटवर बोलायचा उत्साह उरलेला नाही.

आपल्या घामावरून मुलाची थंडी मोजणं

ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक, आणि ती हुशार माणसंही करतात.

आमचा दुसरा हिवाळा. थोरला चौदा महिन्यांचा होता. शनिवारी सकाळी वाचनालयात गोष्टींचा तास असायचा, तिकडे निघालो होतो. तापमान उणे बारा, समोरून वारा. फुटपाथवर घोट्याएवढा बर्फ आणि मी बाबागाडी ढकलतोय. दहा मिनिटांत मला घाम फुटला. जॅकेटची चेन उघडली, टोपी खिशात टाकली आणि मनात म्हटलं, आज फार थंडी नाहीये. पोरगा सुरुवातीला कुरकुरला, मग गप्प झाला. मला वाटलं, झोपला. पंचवीस मिनिटांनी आत पोचलो तेव्हा तो टक्क जागा होता, नुसता बसून होता. एक बूट वाटेत कुठेतरी पडलेला, पायमोजा अर्धा निघालेला, पँट नडगीपर्यंत वर सरकलेली. बोटं गार पडून फिकट झालेली. तिथल्या एका आजीबाईंनी मला बाजूला बसवलं आणि त्याचे पाय माझ्या शर्टाच्या आत, पोटाला लावून धरायला सांगितले. पायांत ऊब परत येताना दुखतं हे मला तेव्हा कळलं, कारण पोरगा पंधरा मिनिटं जीव खाऊन रडला. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं.

ढकलणारा माणूस भट्टीसारखा तापतो, गाडीत बसलेलं मूल हलतसुद्धा नाही. दोघांचं हवामान वेगळं असतं. त्यात बाबागाडीची बैठक म्हणजे एक कापड आणि त्याखाली मोकळी हवा, म्हणजे मूल खालूनही गार पडतं. वरून तीन शाली घालणारे लोक खाली काही घालत नाहीत. मी जुनी रजई चौपट घडी करून बैठकीवर टाकायचो. पायांसाठी झिपची पिशवी मिळते, फुटमफ म्हणतात, ती मुलाच्या जॅकेटपेक्षा जास्त कामाची. आणि दर दहा मिनिटांनी थांबायचं. हातमोजा काढून एक बोट मुलाच्या मानेमागे, कॉलरच्या आत घालायचं. मान उबदार आणि कोरडी असेल तर ठीक. गार असेल तर जवळचं दुकान गाठायचं, आणि घामट असेल तर एक थर कमी करायचा. हात गार लागले म्हणून घाबरू नका, मुलांचे हात गारच लागतात. नाक, गाल आणि कानाची पाळी मात्र डोळ्यांनी बघायची.

गप्प बसलेलं मूल म्हणजे सुखी मूल, हे घरात. बर्फात नाही.

चोळू नका

साताऱ्याहून आई आली होती त्या जानेवारीतली गोष्ट. शाळेतून येताना धाकटीच्या गालावर रुपयाएवढा पांढरा डाग दिसला. "अरे, बघतोस काय, चोळ की!" म्हणत आईने पदर पुढे केला. आपल्याकडे थंडीवरचा पहिला इलाज चोळणं हाच. इथे तो उलटा पडतो. त्वचा गोठायला लागलेली असते, चोळून तिला इजाच होते. आत जायचं, आपला उबदार तळवा नुसता गालावर ठेवायचा, दाबायचा नाही. बोटं असतील तर आपल्या काखेत. रंग परत येत नसेल किंवा जागा बधिर, कडक लागत असेल तर डॉक्टर. "आई, तू हात नुसता ठेव," म्हटल्यावर ती रागावली, पण ठेवला. पाच मिनिटांत गाल लाल झाला.

फोनवर तापमान बघता तेव्हा विंडचिलचा, म्हणजे वारा धरून अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा, आकडाही बघा. एन्व्हायर्नमेंट कॅनडा या इथल्या सरकारी हवामान खात्याच्या तक्त्याप्रमाणे विंडचिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की तापमान उणे २५ किंवा विंडचिल उणे २८ च्या खाली असेल तर मुलांना घरातच ठेवा. नवखे लोक एकतर उणे पाचलाच दार लावून बसतात, नाहीतर उणे तिशीत "सवय झाली पाहिजे" म्हणून पोराला चालवतात. गोठण्याची सवय होत नसते.

बाबागाडीचा हट्ट

१७ जानेवारी २०२२, सोमवार. त्या दिवशी टोरोंटोच्या काही भागांत अर्ध्या मीटरहून जास्त बर्फ पडला. शाळा बंद, बस जागोजागी अडकलेल्या. तिसऱ्या दिवशी दूध संपलं आणि मी शहाणा धाकटीला बाबागाडीत घालून निघालो. फुटपाथवरून यंत्र फिरून गेलं होतं, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत झकास. अडचण कोपऱ्यावरच असते. रस्ता साफ करणारा प्लाऊ जाताना कडेला बर्फाचा बांध घालून जातो, नेमका जिथे आपण रस्ता ओलांडतो तिथे. अलीकडचा बांध गाडी उचलून पार केला. रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधात पुढची चाकं रुतली. मागची चाकं रस्त्यावर, सिग्नल बदललेला, गाड्या खोळंबलेल्या. ओढलं तर चाक निघून हातात येईल असं वाटायला लागलं. शेवटी एका ट्रकवाल्याने उतरून पुढून धरलं आणि आम्ही दोघांनी पालखी उचलावी तशी धाकटीला पलीकडे नेली. ती हसत होती. मी नाही.

पंखासारख्या हलक्या, बोटभर चाकांच्या ज्या गाड्या आपण विमानात न्यायला घेतो, त्या बर्फात निरुपयोगी. मोठी, हवा भरलेली चाकं असतील तर चार बोटं बर्फापर्यंत चालतं, आणि खोल बर्फात गाडी पुढे ढकलण्यापेक्षा उलटी फिरवून मागे ओढली तर बरी सरकते. त्याहून जास्त बर्फ असेल तर स्लेड, म्हणजे बर्फावरून ओढायची बिनचाकी घसरगाडी, घ्या. प्लॅस्टिकची, दोरीवाली, पाठ टेकायला उभी बाजू असलेली. बिनपाठीची स्वस्त पडते म्हणून आणू नका. ती टेकडीवरून घसरायला असते, मूल वाहून न्यायला नाही.

हे मी कशावरून सांगतो? बिनपाठीच्या स्लेडवर धाकटीला घेऊन चाललो होतो, कानात फोन. दोरी अचानक हलकी लागली. मला वाटलं उतार आला. मागे वळलो तर स्लेड रिकामी, आणि बाईसाहेब तीस पावलं मागे फुटपाथच्या मधोमध बसून बर्फ खातायत. पडली तेव्हा आवाजसुद्धा केला नव्हता. तेव्हापासून स्लेड ओढताना फोन बंद आणि दर वीस पावलांना मागे नजर. रस्ता ओलांडताना मूल उचलून कडेवर, स्लेड दुसऱ्या हातात. जमिनीलगत बसलेलं मूल ड्रायव्हरला दिसत नाही, बांधाआड तर नाहीच नाही. मीठ टाकून काळ्या झालेल्या फुटपाथवर स्लेड खरवडते आणि ओढणाऱ्याचा खांदा निघतो. तिथे सरळ चालवा.

हातमोजे

आईने विणून पाठवलेले लोकरीचे हातमोजे. किती घरांत हे झालं असेल! रंगीत, गोड, आणि ओल्या बर्फात पाच मिनिटांत बर्फाचे गोळे चिकटून ओलेचिंब. ते आत घाला, वरून वॉटरप्रूफ मिटन (अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकाच कप्प्यात), म्हणजे आईचंही मन राहतं. पाच बोटांचे मोजे तीन वर्षांच्या मुलाला घालायला बसू नका, शाळा सुटेल. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. आधी अंगठा त्याच्या घरात, मग बाकीची बोटं. मिटनची बाही लांब हवी, कोपराकडे जाणारी, नाहीतर मनगटाची पट्टी उघडी पडते आणि मूल नेमकं तिथूनच रडायला लागतं. मी पिशवीत तीन जास्तीचे जोड ठेवतो. एक ओला होतो, एक हरवतो आणि एक शेजारच्या मुलाला द्यावा लागतो.

गळ्यात मफलर नको. घसरगुंडीत नाहीतर झोक्यात अडकला की गळफास. डोक्यातून घालायचा नेकवॉर्मर घ्या. मिटनला गळ्यातून दोरी बांधायची आपली पद्धतही त्याच कारणासाठी सोडा, क्लिप लावा.

कपडे घालायचा क्रम

आधी शू. हे लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं. मग स्नोपँट, मग बूट, मग जॅकेट, नेकवॉर्मर, टोपी आणि सगळ्यात शेवटी मिटन. मिटन आधी घातले तर पुढचं काहीच मुलाला स्वतः करता येत नाही. स्नोपँटच्या आतली लवचीक पट्टी बुटाच्या वरून ओढायची, आत खोचायची नाही, नाहीतर बर्फ थेट बुटात. डेकेअरमध्ये मुलं जॅकेट जमिनीवर उलटं पसरतात, गळा पायांकडे, हात बाह्यांत घालतात आणि डोक्यावरून उलटवतात. थोरला तिथे ते शिकून आला, घरी मला शिकवलं. माझी सकाळची दहा मिनिटं वाचली.

आणि घाई. उन्हाळ्यात बारा मिनिटांचं आमचं डेकेअर बर्फात पस्तीस मिनिटांवर जातं. आठ वीसला पोचायचं असेल तर पावणेआठला दाराबाहेर, म्हणजे स्नोपँट साडेसातला. जे लोक आठ वाजता निघून मुलाला "चल ना लवकर" करत फरफटत नेतात, त्यांना रोज बघतो. मूल पडतं, मग दोघंही रडतात.

शॉर्टकट

पार्कातून जाणारी वाट, दोन इमारतींमधली बोळ, दरीतल्या पायऱ्या. उन्हाळ्यात चार मिनिटं वाचतात म्हणून लोक जानेवारीतही तिकडेच वळतात. तिथे पाटी असते की हिवाळ्यात ही वाट साफ केली जात नाही. ती वाचा. मोठ्या रस्त्याच्या कडेने लांबून जा. तिथे बर्फ आधी निघतो, दिवे असतात आणि थंडी वाजली तर शिरायला दुकानं असतात.

थोडक्यात उरलेल्या

सुती बनियन, सुती मोजे, जीन्स: ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगाला चिकटून गारवा देतात. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक.

दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट करणं: पाय जास्त गार पडतात. एकच लोकरीचा मोजा आणि बोटं हलतील एवढी जागा.

पांढरा किंवा राखाडी स्नोसूट: फोटोत छान दिसतो, रस्त्यावर दिसत नाही. डिसेंबरमध्ये इथे पावणेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, डेकेअर सुटतं तेव्हा अंधार असतो. लाल, केशरी घ्या आणि चमकणारी पट्टी लावा.

रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यावर मुलांना चढू देणं: तिकडे प्लाऊ येतो. आमच्या घरात यावर चर्चा होत नाही.

निसरड्या दिवशी बाळ छातीशी बांधून निघणं: आपलेच पाय दिसत नाहीत. मी बुटांना वरून चढवायचे खिळेवाले पट्टे वापरतो, हात खिशाबाहेर, पेंग्विनसारखी छोटी सपाट पावलं. आत गेलं की पट्टे काढायचे, फरशीवर ते बर्फापेक्षा घसरतात.

उणे दहाला घाबरून शून्याला बिनधास्त राहणं: उणे दहा कोरडं असतं. शून्याच्या आसपास दुपारी वितळतं, संध्याकाळी गोठतं, आणि कोपऱ्यावरचा चिखलबर्फ मुलाच्या बुटाच्या वरून आत जातो. मिठावरही विसंबू नका. कडक थंडीत, साधारण उणे दहाच्या खाली, ते फारसं काम करत नाही.

बसमध्ये किंवा मॉलमध्ये मुलाला तसंच गुंडाळून ठेवणं: आत शिरताक्षणी टोपी काढा आणि चेन उघडा. बाबागाडीवर पाऊसपडदा असेल तर तोही बाजूला.

कोणी गाडीतून लिफ्ट दिली तर जाड जॅकेटवर कारसीटचा पट्टा बांधणं: पट्टा सैल राहतो. जॅकेट काढा, पट्टा आवळा, जॅकेट वरून उलटं पांघरा.

रात्री बुटांच्या आतलं अस्तर न काढणं: सकाळी ते ओलंच असतं. ओढून बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. हीटरला चिकटवून ठेवू नका, थोरल्याच्या एका बुटाचं रबर तसंच तडकलं, आणि फेब्रुवारीत दुकानात त्याच्या मापाचा बूट मिळेना, सगळीकडे चपला लागलेल्या.