टँकर चालवण्यासाठी लायसन्सवर ‘हझार्डस’ची नोंद कशी करून घ्यावी

पेट्रोल, एलपीजी, अमोनिया किंवा आम्लाचा टँकर चालवायचा असेल, तर मालवाहू वाहनाचे लायसन्स पुरेसे नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 9 नुसार त्या लायसन्सवर धोकादायक मालाच्या वाहतुकीची वेगळी नोंद असावी लागते, आणि ड्रायव्हरमंडळी तिला नुसते ‘हझार्डस’ म्हणतात.

पहिली अट अक्षरओळखीची आहे. मालवाहू लायसन्ससाठीची आठवी उत्तीर्ण असण्याची अट 2019 मध्ये रद्द झाली, त्यामुळे येथेही शिक्षण विचारत नाहीत असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा, म्हणजे आपल्याकडे बहुधा मराठी किंवा हिंदी, आणि तिच्या जोडीला इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे.

त्यानंतर राज्य शासनाची मान्यता असलेल्या संस्थेत तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. फी भरण्यापूर्वी संस्थेच्या मान्यतेची खात्री आरटीओ कार्यालयात करून घ्यावी. वर्गात न बसता प्रमाणपत्र मिळवून देणारे एजंट भेटतात. त्यांच्या नादी लागू नये, कारण ज्यासाठी हे प्रमाणपत्र आहे ते काम कागदाने होत नाही. सुरक्षित वाहनचालन, ब्रेक लागेपर्यंतचे अंतर आणि रात्रीचा प्रवास हे विषय अनुभवी माणसाला सोपे जातात. खरी मेहनत मालाची माहिती, गळती, आग आणि प्रथमोपचार या भागावर घ्यावी लागते.

पेट्रोलच्या टँकरवरील माहितीफलकाचे उदाहरण घ्या. त्यावर 1203 हा आकडा असतो. तो पेट्रोलचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक आहे. त्याच फलकावर ‘3 वाय ई’ असा संकेत असतो. त्यातील 3 म्हणजे आग विझवण्यासाठी फेस वापरावा, आणि ‘ई’ म्हणजे आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करावा. हा फलक न पाहता म्हणता येईपर्यंत पाठ करावा. इंग्रजीची अट का घातली आहे, ते तेव्हा आपोआप कळते.

प्रमाणपत्र हातात आल्यावर आपण राहतो त्या हद्दीतील आरटीओकडे, मूळ लायसन्स आणि प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा. लायसन्सच्या कामांसाठी असलेल्या ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवरही या नोंदीसाठी स्वतंत्र सेवा आहे. लायसन्स दुसऱ्या कार्यालयाने दिलेले असले तरी अडचण येत नाही, कारण नोंद केल्याचे मूळ कार्यालयाला कळवणे ही नोंद करणाऱ्या आरटीओचीच जबाबदारी असते. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर असे लायसन्स एक वर्षाऐवजी तीन वर्षे चालते. मुदत संपण्यापूर्वीच उजळणी वर्गाची चौकशी करून ठेवावी.

ही नोंद फक्त ड्रायव्हरची असते. पेट्रोलियमच्या टँकरला नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’चा, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, परवाना लागतो, आणि तो घेणे मालकाचे काम आहे, तरीही गाडी ताब्यात घेताना त्याची मुदत पाहून घ्यावी.

मालाची लेखी माहिती असलेले कार्ड केबिनमध्ये ठेवण्याची, गाडी सुरक्षित जागी उभी करण्याची आणि अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्याला कळवण्याची जबाबदारी मात्र ड्रायव्हरची आहे. मागच्या खेपेचे कार्ड केबिनमध्ये तसेच राहून जाणे ही नेहमीची चूक आहे, म्हणून डेपोच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वी मालाचे चलन, कार्ड आणि फलक या तिन्हींवरचा क्रमांक एकच आहे ना, हे खाली उतरून पाहावे.