कुत्रं-मांजर असलेल्या भाडेकरूला घर कसं द्यावं: नाशिकच्या एका घरमालकिणीचा अनुभव

पाथर्डी फाट्याला आमचा एक टू बीएचके आहे, तिसऱ्या मजल्यावर, आणि बरीच वर्षं मी एजंटला एकच सांगायचे, माणसं बरी बघ आणि पेट नको. एकदा बेसिनचा नळ गळतोय म्हणून प्लंबरला घेऊन आयत्या वेळी फोन करून गेले आणि बाथरूमच्या दाराआडून म्याव ऐकू आलं. भाडेकरू मुलगी अंबडला कंपनीत नोकरीला, तिचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं. आठ महिने ती मांजर लपवत होती, मी येणार म्हटलं की मांजर बाथरूममध्ये, खिडक्या कायम बंद कारण जाळी नाही, मांजराच्या शी-शूचा ट्रे (लिटर ट्रे) पलंगाखाली, आणि म्हणूनच बेडरूमच्या कोपऱ्यात वास धरला होता, उघडपणे ड्राय बाल्कनीत ठेवला असता तर धरलाच नसता. मी नको म्हणून काय झालं होतं, तर मांजर घरात होतंच, फक्त मला न सांगता होतं. तेव्हापासून मी पेटवाल्यांना घर देते, पण तयारी करून देते, आणि ती तयारी कशी करायची ते इथे सगळं लिहितेय.

नाशिकमध्ये हे आता वाढणारच आहे. सातपूर-अंबडला बदलीवर येणारे, मुंबई-पुण्याहून इकडे राहायला आलेले, घरून काम करणारे, बऱ्याच जणांकडे एखादं कुत्रं नाहीतर मांजर असतंच. त्यांना चार ठिकाणी नकार मिळाला की काहीजण लपवतात आणि काहीजण, सांगायला वाईट वाटतं, पण जनावर सोडून देतात. गंगापूर धरणाकडच्या रस्त्याला गळ्यात पट्टा असलेलं लॅब्राडोर येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान वर करून बघत बसलेलं मी स्वतः पाहिलंय. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा त्या कुत्र्याला घर देत नाही, घर आपण देतो.

सगळ्यात आधी सोसायटीचं बघा

"आमच्या सोसायटीत चालत नाही हो" हे वाक्य मालकही म्हणतात आणि एजंटही, आणि बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत. केरळ हायकोर्टानेही २०२१ मध्ये अपार्टमेंटमधल्या अशा बंदीला बेकायदा ठरवलं. याचा अर्थ तुम्ही मालक म्हणून घर द्यायलाच पाहिजे असा नाही बरं का, तो निर्णय तुमचाच, पण सोसायटीचं कारण पुढे करू नका.

तरीपण सूचनांची प्रिंट घेऊन चेअरमनच्या दारात भांडायला जाऊ नका. मी सेक्रेटरी काकांकडे संध्याकाळी चहाला गेले आणि विचारलं की तुम्हाला नेमका त्रास कशाचा होईल. त्यांचे दोनच मुद्दे निघाले, पार्किंगमध्ये घाण नको आणि शेजारच्या आजींना कुत्र्याची भीती वाटते. बस एवढंच. दोन्ही गोष्टी पुढे ॲग्रीमेंटमध्ये लिहिल्या आणि सोसायटीलाही एक साधं पत्र देऊन ठेवलं. शेजाऱ्यांना भाडेकरू येण्याआधी कळलेलं बरं, नाहीतर पहिल्याच भुंकण्याला तुम्हाला फोन.

घर फिरून बघा, कुत्र्यामांजराच्या उंचीवरून

खरी मेहनत इथे आहे. सुरुवात गॅलरीपासून करा. ग्रिलच्या ज्या फटीतून मांजराचं डोकं जातं त्यातून अख्खं मांजर जातं, आणि मांजर उंचावरून पडलं तरी त्याला काही होत नाही हा गैरसमज आहे, पाय मोडतात, जबडा फुटतो, जीवही जातो. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते पण चारही बाजूंनी हुकात ताणून बसवलेली पाहिजे, खालून लोंबती नको. खिडक्यांच्या स्लायडिंगमधली साधी मच्छरजाळी मांजर दोन दिवसांत नखाने फाडतं, तिथे स्टीलची जाळी टाकून घ्या, महाग पडते पण एकदाच पडते, आणि पुढच्या भाडेकरूला डासांसाठी उपयोगीच आहे.

फरशी. व्हिट्रिफाइड असेल तर चिंता नाही, फक्त सांध्यांमधलं ग्राउट निघालेलं असेल तर भरून घ्या कारण लघवी तिथेच मुरते आणि वास तिथूनच येत राहतो. मार्बल किंवा कोटा असेल तर भाडेकरूला हे नक्की सांगा की लघवी लगेच पुसायची, आणि वास घालवायला व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचं नाही, ॲसिडने दगडाची चकाकी जाते आणि पांढरट डाग कायमचा राहतो. अमोनियावाले क्लीनरही नको, त्यांचा वास लघवीसारखाच येतो आणि जनावर परत तिथेच करतं. पेट शॉपमध्ये एन्झाइमवाला क्लीनर मिळतो तो वापरायचा. आणि काळं फिनाईल मांजराच्या घरात अजिबात नको, त्यातले घटक मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत, पंज्याला लागतं, ते चाटतं आणि आजारी पडतं. कामवाल्या मावशींनाही हे सांगून ठेवायला लागतं, कारण पुसायचं पाणी त्याच करतात.

भिंतींना खालून तीन-चार फुटांपर्यंत धुता येणारा रंग लावा, डिस्टेंपर नको, ओलं फडकं फिरवलं की तो निघतो. दाराच्या चौकटीचा खालचा भाग कुत्री ओरबाडतात, तिथे ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली की काम झालं. मेन दाराला जाळीचा सेफ्टी डोअर असेल तर फारच छान, कुरिअरवाला आला की कुत्रं बाहेर सुटत नाही.

कुंड्या ठेवून जाणार असाल तर कण्हेर, डिफेनबेकिया आणि लिली काढून न्या. लिली मांजराला इतकी वाईट की नुसते परागकण अंगावरून चाटले तरी किडनी जाऊ शकते. आणि नाशिकची म्हणून एक गोष्ट सांगते, आपल्याकडे सीझनला कुणी ना कुणी निफाड-पिंपळगावहून द्राक्षांची पेटी आणून देतंच आणि आपण प्रेमाने भाडेकरूलाही देतो, तर देताना सांगा की कुत्र्याला एकही द्राक्ष नको, मनुकाही नको, किडनीवर परिणाम होतो. कांदा तर कुत्रा-मांजर दोघांनाही विषारी, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणजे कांद्याची आमटी कालवलेली भाकरी घालणं बंद.

उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, म्हणून दुपारी जनावर ज्या खोलीत राहणार तिथला पंखा नीट चालतोय ना आणि कूलरचा पॉइंट आहे ना ते बघा.

भाडेकरूला भेटा, आणि जनावरालाही

जातीवरून ठरवू नका. मोठा लॅब दिवसभर झोपा काढतो आणि एवढंसं पॉमेरेनियन सोसायटी डोक्यावर घेतं, त्यामुळे "फक्त छोटा कुत्रा चालेल" या अटीला अर्थ नाही. घर दाखवायच्या दिवशी म्हणा की घेऊन या त्यालाही. वय काय, नसबंदी झालीय का, दिवसात किती तास एकटा राहतो, एकटा राहिला की रडतो का, गावाला जाल तेव्हा कुठे ठेवाल, हे विचारा, आणि उत्तर देताना माणूस कसा बोलतो ते बघा. ज्याला आपल्या कुत्र्याच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख पाठ असते तो सहसा भाडंही वेळेवर देतो, हा माझा आतापर्यंतचा अनुभव.

कागद तीन मागा: लसीकरणाचं कार्ड, ज्यावर रेबीजची लस दरवर्षी दिल्याची नोंद पाहिजे, कुत्रा असेल तर महापालिकेकडच्या नोंदणीचा कागद, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर. आधीच्या घरमालकाशी फोनवर बोलता आलं तर उत्तम.

भाडेकरूंनाही सांगते, लपवू नका. पहिल्याच फोनवर सांगा आणि फोटो पाठवा. पाच नकार येतील, पण सहावं घर मिळेल तिथे निवांत राहाल.

ॲग्रीमेंटमध्ये लिहा, तोंडी ठेवू नका

आपल्याकडे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर्ड लागतं आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचं ऑनलाइन होतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये, स्टॅम्प ड्युटी साधारण एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. एजंट तयार मसुदा आणतो, त्यात जादा अटी टाकून घ्या. मी टाकते त्या अशा: कोणतं जनावर, किती आणि नाव काय (दुसरं आणायचं तर आधी विचारायचं), लस चालू ठेवायची, जिना-लिफ्ट-पार्किंगमध्ये पट्टा लावून न्यायचं आणि घाण स्वतः उचलायची, एकटं सोडून परगावी जायचं नाही, जनावराने केलेलं नुकसान डिपॉझिटमधून प्रत्यक्ष बिलाप्रमाणे कापायचं. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा, बिलाप्रमाणे, अंदाजाने नाही.

डिपॉझिट थोडं जास्त घ्यायला हरकत नाही, मी एक महिन्याचं जादा घेते, पण परत मिळणारं. दर महिन्याला "पेटचे वेगळे पैसे" मला पटत नाही, कुत्र्याने काही केलंच नाही तर ते पैसे कशाचे?

मालकाच्या बाजूनेही एक अट लिहा की एक दिवस आधी कळवल्याशिवाय घरात येणार नाही. मी त्या दिवशी आयत्या वेळी गेले होते ते चुकलंच माझं. कळवलं की भाडेकरू कुत्र्याला खोलीत ठेवतो, प्लंबरलाही भीती नाही.

चावी देताना आणि नंतर

प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, चौकटी, स्कर्टिंग, सनमायकाचे कोपरे जवळून, आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोघांकडे राहू द्या. पहिले पंधरा दिवस नवीन जागेत कुत्रं जास्त भुंकतं, तेवढं शेजाऱ्यांना सांगून ठेवा आणि स्वतःही धीर धरा. महिन्याभराने एकदा कळवून जाऊन या, काही बिघडलं असेल तर लहान असतानाच कळतं. दिवाळीत फटाक्यांनी जनावरं फार घाबरतात, दार उघडं सापडलं की पळत सुटतात, तेव्हा दाराची कडी, लॅच ढिला झालाय अशी तक्रार आली तर दिवाळीच्या आधी माणूस पाठवा.

पेस्ट कंट्रोल आधी सांगूनच करा आणि त्या वेळी मांजर घरात नको, फवारणीतली काही औषधं, विशेषतः परमेथ्रिन, मांजराला विषारी असतात. उंदराचं विष तर नकोच, पिंजरा लावा.

घर सोडताना तोच व्हिडिओ समोर ठेवून दोघांनी मिळून खोल्या फिरायच्या. माझ्या त्या मांजरवाल्या मुलीने नंतर अजून दीड वर्ष घर ठेवलं आणि जाताना एक जाळी आणि बेडरूमचा एक कोपरा रंगवायचा, एवढंच निघालं, बाकी डिपॉझिट आठवड्यात परत केलं. कुत्रं राहून गेलं असेल तर पुढचा भाडेकरू यायच्या आधी भिंतीच्या आणि चौकटीच्या फटी भरून फवारणी करून घ्या, गोचीड अंडी तिथेच घालतो, आणि दोन आठवड्यांनी परत एकदा करा.